घरच्यासारख्या

आमच्याकडे सध्या ज्या बाई धुण्याभांड्याला येतात, त्यांना मी ‘घरच्यासारख्या’ म्हणत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना ते खटकतं. परवा त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या बाई अगदी घरच्यासारख्या वावरतात हो." मी म्हटलं, "नाही, त्या कामाला येतात." वहिनींचा चेहरा उतरला. ही बाई तुसडीच आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं असणार. ठरवू देत.

मी तीस वर्षं नाशिकच्या शाळेत मराठी शिकवलं. ‘वाघ’ आणि ‘वाघासारखा’ यात काय फरक आहे, हे पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तो ‘सारखा’ कुणी गाळला की लाल शाईने गोल करायचे. आणि आयुष्यात एकदाच असं झालं की माझ्या डोळ्यांदेखत तो शब्द गळाला आणि मला खूण करावीशी वाटली नाही. त्याची ही हकिगत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही पंचवटीतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आडगावच्या बाजूला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तेव्हा आमच्याकडे मावशी होत्या. मावशी म्हणजे कामवाल्या मावशी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण आपल्याकडे झाडू हातात घेतला की बाई जगाची मावशी होते. मूळच्या सुरगाण्याकडच्या. नवरा लवकर गेला. द्राक्षाच्या हंगामात बागांवर मजुरीला म्हणून घाट चढून आल्या आणि पेठ रोडच्या वस्तीत राहिल्या. चौदा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. एक मुलगी होती, हुशार. दहावीपर्यंत ती संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन बसायची आणि शाळेतल्या पोरांचं ऐकून मलाही ‘बाई’च म्हणायची. तिच्या आईला गल्ली ‘कामवाली बाई’ म्हणायची आणि मला ती ‘बाई’ म्हणायची. यावर आम्ही तिघी कितीदा तरी हसलो असू.

आम्ही घर बदललं त्या वर्षी त्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. मावशी भांडी घासताना आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणायच्या, "आमच्यात सुई टोचून घ्यायला बी घाबरत्यात, आन् ही दुसऱ्याला टोचणार." आणि मग पुढचं भांडं जरा जास्तच जोरात घासायच्या.

सामान हलवायला रविवार ठरवला. रविवार हा मावशींच्या सुट्टीचा दिवस. मी म्हटलं, "मावशी, रविवारी याल ना? तुमच्याशिवाय माझं पानही हलणार नाही." त्या आल्या. येणारच होत्या. घरच्या माणसाला काय विचारायचं, असा माझा आविर्भाव होता. त्या दिवसाचं वेगळं काही द्यावं, हे मला सुचलं नाही. सकाळपासून त्यांनी कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, डबे भरले, गाद्यांच्या वळकट्या बांधल्या. टेम्पो आला तेव्हा पदर खोचून त्याच पुढे होत्या.

टेम्पो छोटा होता. चालवणाराच मालक. तिशीतला, कपाळावर गंध लावलेला, बोलायला गरीब माणूस. दोन खेपांत काम होईल म्हणाला. पहिली खेप सुरळीत गेली. दुसऱ्या खेपेला लोखंडी कपाट, माझं ड्रेसिंग टेबल, गाद्या आणि किरकोळ सामान राहिलं होतं. ड्रेसिंग टेबलचा आरसा काढून माझ्या जुन्या साड्यांच्या गोधडीत गुंडाळला होता. ती गोधडी मावशींनीच शिवलेली.

आरसा कुठे ठेवायचा, यावर खल झाला. उभा ठेवला तर पडेल, आडवा ठेवला तर दबेल. आमच्याकडे अशा वेळी जे करतात तेच केलं. कोणीतरी मागे बसायचं आणि आरसा धरायचा. लग्नातलं सामान जातं तेव्हाही एखादी आत्या, एखादा भाचा असा मागे बसून जातोच की. "मी बसते," मावशी म्हणाल्या.

तो टेम्पोवाला लगेच पुढे आला. "नाय मॅडम. मागं शीट बसवता येत नाय. गाडी मालाची हाय. डायवर आन् पुढं एक, तेवढंच पासिंग." तो प्रवाशाला ‘शीट’ म्हणत होता. मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात लिहिलंच होतं, ‘प्रवासी बसवू नयेत’. त्याने त्यावर बोट ठेवून दाखवलं.

आणि मी, मराठीची शिक्षिका, त्याच्याशी शब्दांचा वाद घालायला उभी राहिले. म्हटलं, "अहो, त्या प्रवासी कुठे आहेत? प्रवासी म्हणजे भाडं देऊन जाणारा. त्या सामानाबरोबर आहेत. आमच्या घरच्यासारख्याच आहेत." तो डोकं खाजवायला लागला. मी वर म्हटलं, "आणि पाच-सहा किलोमीटर तर जायचंय."

"तसं नसतं मॅडम," तो म्हणाला. पण मोठ्या बाईशी किती वाद घालणार? मावशींनीच त्याची सुटका केली. "आरं, मी काय पहिल्यांदा बसते व्हय? द्राक्षाला जाताना आमी पिकअपमधी उभ्यानं जायचो, पंचवीस-पंचवीस जणी. बस तू गाडीत."

पुढच्या एका सीटवर मी बसले. मांडीवर तुळशीची कुंडी. नव्या घरात तुळस आपल्या हाताने न्यायची, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. आमचे हे स्कूटरवर पुढे गेले. त्यांच्या मागची सीट रिकामी होती. मावशींना स्कूटरवर पाठवावं, किंवा मी स्कूटरवर जावं आणि मावशींनी आरसा घेऊन पुढे बसावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मावशी ह्यांच्या मागे स्कूटरवर बसल्यात, असं चित्रच आमच्याकडे नव्हतं.

निघताना मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "मावशी, दोन्ही हातांनी धरा हं."

"धरलाय, ताई," त्या म्हणाल्या.

आडगाव नाक्याच्या पुढे एक मोटारसायकल अचानक आडवी आली. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला. तो काही वेगात नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. मागे काहीतरी धाडकन आपटलं. दोरीला झोल पडला होता. कपाट पुढे जाऊन केबिनवर आदळलं, परत मागे आलं आणि फाळक्याची कडी निघाली. मी उतरून मागे गेले तेव्हा मावशी रस्त्यावर होत्या. डोक्याला लागलं होतं. आरसा अजून त्यांच्या दोन्ही हातांत होता. कशाला तरी धरायला त्यांच्याकडे तिसरा हात नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात त्या गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत. तीनही दिवस तो टेम्पोवाला बाकावर बसून होता. ती मुलगी त्याला एकदाही वेडंवाकडं बोलल्याचं मी ऐकलं नाही. तीच त्याला चहा आणून द्यायची.

माझा जबाब पहिल्याच दिवशी झाला होता. पोलीस ठाण्यातला जमादार वयस्क होता, समजूतदार. त्याने विचारलं, "मयत... म्हणजे जखमी बाई तुमच्या कोण?" मी रडत होते. कामवाली हा शब्द त्या क्षणी माझ्या तोंडातून निघेना. कसा निघावा? ती बाई तिकडे दवाखान्यात पडली होती आणि मी तिला कामवाली म्हणू? मी म्हटलं, "घरच्यासारख्या होत्या हो. अगदी घरच्याच." त्याने मान हलवली आणि लिहिलं. मग रीतीप्रमाणे मला वाचून दाखवलं. ‘सदर महिला आमच्या घरच्याच असून, आमचेसोबत नवीन घरी येण्याकरिता वाहनात मागील बाजूस बसल्या होत्या.’

मी ऐकलं. ‘सारख्या’ गळालाय हे मला कळलं. माझा कान तीस वर्षांचा आहे, तो चुकत नाही. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. निदान कागदावर तरी त्या घरच्या झाल्या, असं वाटलं. ‘जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’, या ओळीला मी हो म्हटलं. दोन्ही हातांनी धरा, हे मी म्हटलं होतं. ते वाक्य जबाबात नव्हतं. मीही ते सांगितलं नाही.

त्या मुलीने नुकसानभरपाईचा दावा लावला तेव्हा तिचे वकील मला भेटायला आले. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मालाच्या गाडीत मालाचा मालक असेल, सामान राखायला पाठवलेला त्याचा माणूस असेल, किंवा सामानाची चढ-उतार करायला आणलेला मजूर असेल, तर विमा कंपनीशी भांडता येतं. फुकट बसलेला प्रवासी असेल तर कंपनी हात वर करते. "बाई, त्या रविवारी त्या कामाला आल्या होत्या ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." "मग तुम्ही असं का सांगितलंत?" त्या कामालाच आल्या होत्या. सकाळी सातपासून त्या माझं काम करत होत्या. नुसतं खरं बोलले असते तरी त्या मुलीच्या बाजूने झालं असतं. मी मान दिला आणि त्या मानाने तिचा घात झाला.

साक्षीला मी ठरवून गेले होते की आता सरळ सांगायचं. सांगितलं. "त्या आमच्याकडे कामाला होत्या. सामान सांभाळण्यासाठी मीच त्यांना मागे बसवलं." कंपनीचे वकील शांतपणे उठले आणि त्यांनी माझाच जबाब मला वाचायला दिला. "हे तुम्ही सांगितलंत?"

"हो. पण ती बोलायची पद्धत आहे. आपण म्हणतो तसं."

"म्हणजे पोलिसांना सांगितलं ते खोटं?"

"खोटं नाही."

"मग आज सांगताय ते?"

वर्गात मी पोरांना असंच कोंडीत पकडायचे. त्या दिवसाचा वेगळा मोबदला दिला होता का, असंही त्यांनी विचारलं. नाही म्हणाले. आणखी काय म्हणणार?

निकाल लागायला चार वर्षं गेली. मावशी मालवाहू वाहनातून विनामोबदला प्रवास करत होत्या, असं त्यात आलं. विमा कंपनी सुटली. भरपाई टेम्पोवाल्याने द्यायची. त्याने टेम्पो केव्हाच विकला होता आणि तो आता दुसऱ्याच्या गाडीवर होता. तो अधूनमधून त्या मुलीला थोडंफार नेऊन देतो, असं ऐकते. तिचं नर्सिंग पहिल्याच वर्षी सुटलं होतं. मी मदत करते म्हणाले, तर तिने दोन वेळा घेतली आणि तिसऱ्या वेळी "नको बाई" म्हणाली. आता ती अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

निकालानंतर महिनाभराने ती आमच्या फ्लॅटवर आली. पहिल्यांदाच. हातात पिशवी होती आणि पिशवीत ती गोधडी, धुऊन घडी घातलेली. आईच्या वस्तूंबरोबर दवाखान्यातून तिच्याकडे गेली होती. "तुमची हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या आईने शिवलेली. ठेव की तुला." ती म्हणाली, "साड्या तुमच्या हायेत."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ती भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली होती. मावशी बसायच्या तशी. समोर सोफा रिकामा. बोलण्यात माझी जीभ कधी शहाणी झाली नाही, ती त्या दिवशीही झाली नाही. "अगं, खाली काय बसलीस?" मी म्हटलं. "वर बस. तू काय परकी आहेस का? घरचीच तू."

तिने बशीतला चहा फुंकला. एक घोट घेतला. बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"आई घरची होती, तर पुढं का नाय बसवली, बाई?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.