शमुवेलनाना आणि अभक्ती

धुळ्याच्या बाजारात भाजी घेता घेता शमुवेलनाना लोकांना शब्द विचारत. मिशनच्या शाळेत ते शिकवत, रविवारी चर्चमध्ये उपदेश करत आणि उरलेल्या वेळात पवित्र शास्त्र अहिराणीत उतरवत. ग्रीक त्यांना एका म्हाताऱ्या साहेबाने शिकवलं होतं. मी त्याच शाळेत नवा मास्तर. आमची पहिली भेट मेथीच्या ढिगाशी झाली.

"मास्तर, देवाची चाड नसलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?"

"नास्तिक," मी म्हणालो. असोद्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यातला पहिला बी.ए.; माझं उत्तर नेहमी तयार असायचं.

भाजीवाली हसली. "नाना, तुमना देव ऱ्हाऊ द्या. जो मायले इचारत नही, त्याले आम्ही माणूस म्हनतसच नही!"

नानांनी तिचं वाक्य चिठ्ठीवर उतरवून घेतलं. माझं नाही. मला राग आला.

वाटेत त्यांनी समजावलं. ग्रीक शब्द असेबेया. छापील मराठीत त्याला अभक्ती म्हटलंय. "पण पूजा चुकली म्हणजे असेबेया नव्हे. जिथे मान लवायला हवी तिथे ती लवत नाही, ते. ग्रीक लोक आईबापांना, मेलेल्यांना विसरणाऱ्यालाही हाच शब्द लावत. नास्तिकपणा डोक्यात असतो हो. ही मानेत असते."

नानांची आई त्यांच्याच ओसरीवर राही. बाटलेल्या मुलाच्या दारी यावं लागलं, हे दुःख तिने कधी लपवलं नाही. त्यांना ती जुन्या नावाने, सोमाच म्हणे. तिची चूल वेगळी, आणि तिचं पाणी मी भरायचो, शेजारी आणि न बाटलेला म्हणून. एकदा भर उन्हाळ्यात तिला ताप चढला. मी शाळेत होतो. मडकं रिकामं. नानांनी तांब्या पुढे केला, तर म्हणाली, "सोमा, तू मना पोऱ्या शेस. पन तुना हातनं पानी मी पेवाव नही."

मी आलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि नाना तांब्या धरून तसेच बसलेले. आठवड्यात ती गेली.

पुढची आखाजी आली. त्या दिवशी आमच्या खानदेशात घरोघर मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. सकाळी मी कुंपणावरून पाहिलं, तर नानांच्या ओसरीवर मातीची घागर, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी दोन सांजोऱ्या, आणि पुढे हात जोडून नाना.

"जिवंतपणी नाही म्हणाली," ते मला म्हणाले. "आता कशी म्हणेल?"

कुणीतरी चुगली केली. चर्चच्या मंडळीचे पंच बसले; मलाही बोलावलं. मिशनचा साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "शमुवेल, उन्हाळा आहे. घरात पिण्याचं पाणी भरलं होतं, एवढंच ना?"

नाना गप्प राहिले. मग साहेबाने मला विचारलं, "तुम्ही शेजारी. काय पाहिलंत?"

मी ताठ उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घागर, डांगर, सांजोऱ्या, जोडलेले हात. एकही गोष्ट गाळली नाही. खोटं बोलत नाही, याचा मला मोठा अभिमान.

एक पंच म्हणाला, "ही उघड अभक्ती."

"नाही भाऊ," नाना म्हणाले. "प्रार्थना मी प्रभूचीच केली. पाणी आईला दिलं. दिलं नसतं, तर तो शब्द मला लागला असता."

त्यांचा उपदेश बंद झाला. भाषांतराच्या चिठ्ठ्या परत मागवल्या. बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या साऱ्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः दोरीने बांधून नेऊन दिल्या. त्यानंतर दर रविवारी ते शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचा उपदेश ऐकत. बाजारात मुकाट्याने भाजी घेत.

वर्षभरात ते आजारी होऊन मिशनच्या दवाखान्यात पडले. मी रोज जायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. एका संध्याकाळी धीर करून म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं."

"छे रे. खरं तेच सांगितलंस."  मग अगदी मायेने म्हणाले, "पण तुला ते इतकं सोपं कसं गेलं रे?"

 उद्या सांगतो, असं काहीतरी पुटपुटून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच गेलो. त्यांची खाट धुऊन बाहेर उन्हात उभी केली होती.