अण्णांना आलेलं स्थळ

माझ्या वडिलांना लग्नासाठी स्थळ सांगून आलं, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होता. हा थोरला मुलगा म्हणजे मी. आणि ते स्थळ दारापर्यंत आणणारा दिवटाही मीच!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (एरवी हे मी पहिल्याच वाक्यात सांगतो. इथं दुसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबलो, याची नोंद घ्यावी.) गाव पोखर्णीच्या पुढं, कॉलेज परभणीत. लोक विद्यार्थीदशेच्या आठवणी काढतात तेव्हा कॅन्टीन, कट्टा, गॅदरिंग असं काय काय निघतं. माझी विद्यार्थीदशा एका डब्यात मावायची. तो डबा आई रोज सकाळी गावातून एस.टी.त ठेवायची आणि मी परभणीच्या स्टँडवर कंडक्टरकाकांच्या हातून घ्यायचो. ज्वारीच्या भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. डबा आला की मी हुशार, डबा चुकला की माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. प्राध्यापकांनी या विषयावर कधी विचार केलेला नाही, पण करायला हवा.

अशात मला आयुष्यातलं पहिलं काम मिळालं. सोनपेठचे किशनमामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. त्यांना सोयरिकी जुळवायचा नाद. उपवर मुलामुलींचे बायोडाटे पिशवीत घालून ते मोटारसायकलवर जिल्हाभर फिरायचे. एकदा पिशवी पावसात भिजली आणि ज्यांचं कधीच जमलं नव्हतं असे फोटो एकमेकांना कायमचे चिकटले. तेव्हा मामा माझ्या रूमवर आले.

"भाच्या, तू कॉम्प्युटर शिकायलास न्हवं? मंग ही पिशवी त्या मोबाइलात घाल."

मी जोमानं कामाला लागलो. वेबसाइट उभी राहिली. ती चालते का, हे बघायला मी एक खोटा नवरामुलगा टाकला. नाव : अबक. मामांनी तो बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो अबक कोण्या गावचा?"

"मामा, तो खरा नाही. नुसता तपासायला टाकलाय."

"ते असू दे. पर मामकूळ कोणतं त्याचं? जमीन बागायती हाय का कोरडवाहू?"

"मामा, तो माणूसच नाही!"

"मंग त्याला पोरगी कोण देईल?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मामांचं समाधान करायचं तर कूळ, मामकूळ, सोयरेधायरे असा साग्रसंगीत नवरामुलगा हवा होता. आणि ज्याची ही सगळी माहिती मला तोंडपाठ, असा माणूस जगात एकच, आमचे अण्णा! अबकला काढून मी अण्णांना टाकलं. व्यवसाय शेती, विहिरीला पाणी बारमाही, स्वभाव शांत, निर्व्यसनी. (तंबाखू मी लिहिली नाही. बायोडाट्यात कुणीच लिहीत नाही.) खरं वय साइट घेईना, कारण तसा नियम मीच लिहिला होता. म्हणून पंचवीस टाकलं. मग वयाला शोभेल असा फोटो हवा. मोबाइलमध्ये आईअण्णांच्या लग्नाचा फोटो होता. त्यातली आई कापली आणि अण्णा लावले, मुंडावळ्यांसकट!

"आता दिसायलंय स्थळ! दाजी लय शोभतेत," मामा म्हणाले.

"उद्या परीक्षा झाली की हे काढतो. तोवर कुणाला पाठवू नका."

"हाव हाव," मामा म्हणाले आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून मोकळे झाले! (नंतर त्यांचं म्हणणं असं पडलं, "मी नुसती वेबसाइट पाठवली. दाजींना थोडंच पाठवलं?") पण पिशवीतले बायोडाटे अजून चढवायचे होते, त्यामुळं त्या अख्ख्या वेबसाइटवर नवरामुलगा एकच होता. अण्णांना स्पर्धाच नव्हती!

दुसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा. मोबाइल बंद करून बाहेर ठेवलेला. परीक्षा झकास झाली. त्याच तोऱ्यात स्टँडवर गेलो आणि डब्यासाठी हात पुढं केला.

"आज डबा न्हाई. निरोप हाय," कंडक्टरकाका म्हणाले. "तुझी आई म्हणली, ज्यानं बापाचं लगीन काढलंय त्यानं वऱ्हाडातच जेवावं."

अख्खी एस.टी. खिडकीतून माझ्याकडं बघायला लागली.

"कवा हाय मंग लगीन?" ड्रायव्हरनं विचारलं. "गाडी दारात लावतो."

त्याच गाडीनं मी गाव गाठलं. दारात जीप उभी. आत जिंतूरकडून आलेले पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील आणि सोबत दोन वयस्क मंडळी, जेवायला बसलेले. आई कितीही भडकली तरी दारात आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवत नाही. माझं वांगं त्यांच्या ताटात होतं!

मी यायच्या आधी घडलं ते असं. पाहुणे सकाळीच टेकले. अण्णा शेतातून चिखलाच्या पायानं आले. "मुलाला बोलवा," पाहुणे म्हणाले. अण्णांना वाटलं, आपल्या शिकणाऱ्या पोराला स्थळ आलं! छाती फुगवून म्हणाले, "पोरगं परभणीला शिकायलंय." पाहुणे म्हणाले, "पर हितं तर शेती करतो लिवलंय," आणि मोबाइल पुढं केला. अण्णांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"आरं, ह्यो तर मीच हाय!"

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आलेली होती.

मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "आई, ते तपासायला टाकलं होतं गं..."

"बापाला पुन्ना बोहल्यावर चढव, माझं काई म्हणणं न्हाई," आई म्हणाली. "पर मला कामून कापलंस?" तिनं पाहुण्यांचाच मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. अण्णांच्या दंडापाशी हिरव्या चुड्याची कड आणि चार बोटं राहून गेली होती. "ही बघ. बोटं ठिवलीस अन् आई कापलीस!"

अण्णांचं भलतंच चाललं होतं. मिशीवरून हात फिरवत त्यांनी पाहुण्यांना हळूच विचारलं, "पर फोटो पसंत पडला व्हता न्हवं?"

"पसंत म्हंजे! लय रुबाब. आमी म्हणलो, पोरगं हौशी हाय, मुंडावळ्या बांधूनच फोटो काढलाय."

आईनं अण्णांकडं असं बघितलं की मिशीवरचा हात आपोआप खाली आला.

मला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. मामा पिशवी परत नेणार, पहिलंच काम जाणार, आणि अण्णा म्हणणार, बास झालं कॉम्प्युटर, धर बैल. मी पाहुण्यांच्या पाया पडायला वाकलो.

पाहुण्यांना हसताहसता ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "ही वेबसाइट तू एकट्यानं केलीस?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "एकट्यानं! आमच्या घरात कॉलेजला गेलेलं पहिलंच पोरगं हाय हे."

ज्या वेबसाइटनं अण्णांची इज्जत जिल्हाभर फिरवली, तीच ते अभिमानानं मिरवत होते! माझ्या डोळ्यात पाणी आलं. (आईला वाटलं, चुलीवरच्या ठेच्याचा खाट डोळ्यात गेला.)

"मंग ह्याचंच बघावं का?" पाहुण्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "नोकरी?"

"सध्या फ्रीलान्स."

"म्हंजे?"

"म्हंजे नोकरी न्हाई," आई म्हणाली. ती अजून विझलेली नव्हती.

"घरी इचारून सांगतो," पाहुणे घाईनं म्हणाले आणि ताक मागितलं.

ते गेल्यावर आईनं निकाल दिला, "मला जोडल्याबिगर डबा न्हाई." मी ओसरीतच लॅपटॉप उघडला. नवरामुलाच्या पानावर जोडप्याचा फोटो बसेना. मग मी नवीन पानच काढलं, 'जमलेली लग्नं', आणि त्यावर आईअण्णांचा अख्खा फोटो लावला. आईनं स्वतःची बोटं मोजून घेतली. "आता बरं दिसायलंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर डबा आला. झाकण बसत नव्हतं, इतका भरलेला!

मामांना तर ते पान इतकं आवडलं की, "ह्यांनी जुळवलेलं टिकतं म्हणायलेत लोकं," असं सांगत त्यांनी मला आणखी कामं मिळवून दिली. जिंतूरच्या त्या मुलीचंही त्याच वेबसाइटवर जमलं. आईअण्णांच्या खाली आता तिचा फोटो आहे. कॉलेजनं मला प्रोग्रॅमिंग शिकवलं. पण तपासायला टाकलेलं वेळेवर काढून टाकावं, हे मी घरी शिकलो. दोघांचेही उपकार आहेत.

आता मला नोकरी आहे, पदवी भिंतीवर आहे आणि त्याच वेबसाइटवर माझा स्वतःचा बायोडाटा आहे. सगळं खरंखुरं, फोटोसुद्धा माझाच. अजून एकही जीप दारात आलेली नाही. परवा मी हे आईला बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली,

"बापाचाच फोटो लाव. ह्या बारीला माझी बोटं तेवढी नीट काप."