दहावा हंडा

खर्ड्याकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि देऊळही त्या मानानं एवढंसं. चर्च म्हणायची पद्धत नंतर आली, आम्ही देऊळच म्हणायचो. आई रोज भाकरीला पीठ काढताना आधी एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्याला देवाचा डबा म्हणत. रविवारी तो देवळात जायचा, पण आठवडाभरात दाराशी कोणी अडलंनडलं आलं तर आई त्याच डब्यात हात घालायची. शेजारच्या चाची, गावातल्या बायकांना बांगड्या भरणाऱ्या, आता हात थरथरतात म्हणून घरीच बसलेल्या, शनिवारी हमखास यायच्या. "देवाचंच हाय, घ्या," आई म्हणायची. त्यामुळे रविवारपर्यंत डबा निम्माच उरायचा, आणि आई तो निम्मा डबा घेऊन ऐटीत देवळात जायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. पण रविवारी तिच्या चालण्यात देणाऱ्या माणसाचा तोरा असायचा, आणि मला तो फार आवडायचा.

मी नगरला डी.एड. करत होते तेव्हा गावात नवे पाळक, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, आले. तरुण होते, स्वभावानं भले होते, आणि नुकतेच शिकून आल्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी सुट्टीला आले होते त्या रविवारी त्यांनी दशमांशावर उपदेश केला. मिळेल त्याचा दहावा भाग देवाचा, तो देवळातच आला पाहिजे, इकडंतिकडं वाटायचा नाही, आणि जो हा भाग देत नाही तो देवाच्या घरी चोरी करतो. मी शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. दुसऱ्याच्या शेतातली शेंगसुद्धा न विचारता न तोडणारी बाई ती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "माजी मूठ दहावी भरती का गं?"

"असं काही नसतं," मी म्हटलं. "खुशीनं द्यायचं. प्रभूनं कुणाला मापं लावली होती का?"

"तू काय पाळक हायेस व्हय?"

तिथं माझं शिक्षण संपलं. खरं सांगायचं तर मूठ दहावी भरत नसावी. ते तिलाही कळलं, आणि तेव्हापासून तिनं मूठ सोडून माप धरलं. पिठाचं माप, अंड्यांचं, गोवऱ्यांचं, शेवग्याच्या शेंगांचं. ईदला चाचींनी शिरखुर्मा पाठवला तर त्यातलीही एक वाटी झाकून पाळकांच्या घरी पोचली. पाळकबाई हसल्या, मीही हसले. देवळाच्या मंडळीतल्या पगारदारांनी मात्र दशमांश पूर्ण पगारावर द्यायचा की कापून हातात येतो त्यावर, याची वर्षभर चर्चा केली. अजून चालू असेल.

पुढच्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. आई रांगेत उभी राहून पाणी आणायची आणि दर दहावा हंडा पाळकांच्या रांजणात नेऊन ओतायची. पाळक कानकोंडे झाले. "मावशी, पाण्यावर नसतो हो दशमांश."

"मिळंल त्याचा म्हनला हुता ना सायेब?" आईनं विचारलं. पाळकांनी रांजणावरचं झाकण बाजूला केलं. उत्तर द्यायचं होतं तर ते तेव्हाच द्यायला हवं होतं.

त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी चाची आल्या. मी घरात होते. आई डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. "ह्यातलं आता देता येत न्हाई चाची. देवळात जायाचं हाय." आमच्या स्वतःच्या पिठाचा डबा खडखडीत होता. चाची म्हणाल्या, "राहू दे बेटी," आणि भिंतीला धरून परत गेल्या. पुन्हा कधी शनिवारी आल्या नाहीत. आईनं त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. मला पाळकांचा राग आला, आईचाही आला.

माझी पहिली नोकरी लागली त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं. दुखण्याबद्दल ती फारसं बोलत नसे. बोलायची ते एकच, आधीची इतकी वर्षं आपण मूठच दिली, देवाचं चोरून खाल्लं, आता त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं. मी परोपरीनं समजावलं, चिडले, रडलेही. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा तेच म्हणायची. मरण तिनं केव्हाच मान्य केलं होतं. त्याच्यापलीकडे आपल्याला चोर म्हणून हाक मारतील, हे तिला सोसत नव्हतं.

शेवटी मी पाळकांकडे गेले. म्हटलं, "ती स्वतःला देवाची चोर म्हणते, तुम्हीच तिला सांगा. माझं ती ऐकत नाही." ते ऐकताच जेवण टाकून तसेच माझ्याबरोबर निघाले. आईच्या अंथरुणाशी जमिनीवर बसले. तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "मावशी, देव मापं घेऊन बसलेला नाही. तुमच्यासारखं मनापासून देणारं माझ्या मंडळीत दुसरं कोणी नाही. तुम्ही चोरी केलेली नाही." खोटं बोलत नव्हते, एवढं मी आजही सांगेन.

आईनं सगळं ऐकून घेतलं. प्रार्थना झाली. तिनं त्यांना नीट सलाम केला, मला चहा ठेवायला सांगितलं. ते गेल्यावर मी मोठ्या आशेनं विचारलं, "ऐकलंस ना आता?"

"ऐकलं," ती म्हणाली. "लई चांगला मानूस हाय. पर देवळात बोलला ते शास्त्र उघडून बोलला. आत्ता बोलला ते माज्याकडं बघून."

मी तिच्याशी भांडले. शास्त्रातच काय काय आहे ते वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून घेतले. ती गेली तेव्हा मी जवळच होते, आणि ती घाबरलेली होती.