रबरी बाईची नाडी

रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, असं नर्सिंग कॉलेजच्या दारावर लिहिलं आहे. आत सेवेचा सराव एका रबरी बाईवर चालतो. तिला नाडी नाही, म्हणून सगळ्या मुली वहीत बहात्तर लिहितात.

आमच्या मुलीचा प्रवेशअर्ज हौसेने तिच्या आईने भरला होता. मागच्या महिन्यात आई गेली, तेव्हा तिचं मनगट धरून मुलगीच बसली होती.

आज पालकांसमोर प्रात्यक्षिक होतं. मुलीने रबरी हात धरला, शिकवल्याप्रमाणे "मावशी, घाबरू नका" म्हणाली, आणि मिनिट उलटलं तरी हात सोडेना.

"अगं, बहात्तर लिही आणि ऊठ," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाडी लागत नाहीये, मॅडम."

शेवटी मॅडमनीच आकडा लिहिला. वहीप्रमाणे रबरी बाईंची प्रकृती उत्तम आहे.