शेवटच्या पानानंतरचं पान

नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली, तेव्हापासून मी इथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासून देते. भाषा सुधारणं सोपं असतं. वेळ खाते ती संदर्भसूची. प्रत्येक संदर्भ उघडायचा, सांगितलेलं पान वाचायचं आणि मगच पेन्सिलीने टिक करायची, अशी माझी पद्धत.

मागच्या उन्हाळ्यात गोपालपुऱ्याच्या हॉस्टेलमधून एक मुलगी आली. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. ती वाढली इकडेच, राजस्थानात. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये कापडछपाईच्या रंगांनी विहिरींचं पाणी बिघडलं, हा तिचा विषय. आजच्या पाण्याची तपासणी तिने स्वतः केली होती. पूर्वीचं पाणी कसं होतं, याला आधार एकच, जुन्या नियतकालिकातला एक लेख. अख्खा तिसरा अध्याय त्यावर उभा होता.

तो लेख तिने पाहिला नव्हता. दुसऱ्यांच्या प्रबंधांतून घेतला होता. मी ते प्रबंध काढले. सगळ्यांत तेच लेखकाचं नाव, तोच पानाचा आकडा, तेच वाक्य: ‘विहिरींचं पाणी पिण्याजोगं होतं.’

एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या नियतकालिकाचे बांधीव खंड होते. आम्ही दोघी गेलो. साल बरोबर, अंक बरोबर. पण आम्हाला हवं होतं त्या पानाच्या बऱ्याच आधी खंड संपत होता. शेवटी वर्गणीदारांना एक सूचना, मग पुठ्ठा. मुलीने पुठ्ठाही उलटून पाहिला.

“पानं फाटली असतील, काकू.”

“फाटली तर शिवणीत कड राहते. आणि अनुक्रमणिकेत तरी लेख दिसला असता.”

पुढचे-मागचे खंडही चाळले. त्या लेखकाचं नाव कुठेच नव्हतं.

“मतलब, हा लेख आहेच नाही? पण सगळ्यांनी वाचलाय ना!”

“सगळ्यांनी लिहिलाय,” मी म्हटलं.

तिने तिथूनच गाईडना फोन लावला. “रहने दो बेटा, सब देते हैं,” ते म्हणाले. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी भाजी चिरताना, बसची वाट पाहताना त्या लेखकाचं नाव मनात यायचं. त्या नावाचा माणूस सांगानेरला जाऊन खरंच ते पाणी प्यायला होता का? आता त्यातल्या बऱ्याच विहिरींवर फरशी घातलेली आहे. विचारायला पाणीही उरलेलं नाही.

मुलीने तो अध्याय काढून टाकला. त्या जागी तिने लिहिलं: ‘पूर्वी पाणी पिण्याजोगं होतं असं अनेकांनी एका लेखाच्या आधारे म्हटलं आहे. सांगितलेल्या खंडात तो लेख नाही. म्हणून पूर्वीच्या पाण्याबद्दल काही सांगता येत नाही.’

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “मग पाणी बिघडलं हे सिद्ध कुठे झालं?”

“नाही झालं, सर. आज ते खराब आहे, एवढंच सिद्ध झालं.”

पदवी मिळाली. ती पेढे घेऊन आली, तेव्हा आम्ही दोघी त्या लेखाबद्दल बोललो नाही.

या हिवाळ्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध आला. त्यात वाक्य होतं: ‘विहिरींचं पाणी पिण्याजोगं होतं.’ पुढे संदर्भ म्हणून त्या मुलीचा प्रबंध. पानाचा आकडाही अचूक. असा लेख नाही, असं तिने जिथे लिहिलं होतं तेच पान.

मी तिला फोन केला. ते वाक्य आणि त्याचा संदर्भ वाचून दाखवला.

“काकू, आता मी पण त्या सगळ्यांमध्ये. माझं नाव काढायला सांगा त्याला, प्लीज.”

मी विद्यार्थ्याला ते पान पूर्ण वाचायला सांगितलं आणि फाइल परत पाठवली. “जी मॅडम, अभी ठीक करता हूँ,” म्हणाला. संध्याकाळी फाइल आली. वाक्य जागेवर होतं. मुलीचं नाव काढून त्याने थेट मूळ लेख टाकला होता. तोच लेखक, तेच पान.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “काढलं का त्याने?”

“तुझं नाव काढलं,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि फाइल पुन्हा त्याला परत पाठवली.