वाचनालयाबाहेरचे बूट

कुठलीही गोष्ट दोन वर्षांत प्राचीन करून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझाच चुलतदीर निघाला. आखातातल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या शाळेत भावोजी प्रवेश विभाग सांभाळत आणि मी बसगाड्या. शाळा ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलामुलींना एकत्र शिकवणारी. विलायतेत अशा शाळांना शतकांचा इतिहास असतो. आमच्या भिंतींना तेव्हा रंगाचा वास येत होता. पण एवढी फी भरणाऱ्या पालकांना इतिहासही लागतो, आणि तो पुरवायचं काम भावोजींनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. शाळेत चार हाउस का, असं विचारलं की ते चार मूल्यं गंभीरपणे सांगत. खरं म्हणजे ऊद मेथा भागातल्या युनिफॉर्मवाल्याकडे चारच रंगांचे टी-शर्ट शिल्लक होते. प्रार्थनेला मुलगा-मुलगी अशी एकाआड एक रांग, ती म्हणे संस्थापकांची समतेची दृष्टी. मुलगे शेजारीशेजारी उभे राहिले की ढकलाढकली करत, एवढंच त्यामागे होतं.

"किती थापा माराल, भावोजी?"

"थाप नाही, वहिनी. परंपरा जरा लवकर सुरू केली, इतकंच."

त्यांची सर्वांत लाडकी परंपरा वाचनालयाची. पहिल्या वर्षी समोरच्या अंगणात फरशी बसायची होती आणि मुलं बुटांतून नव्या गालिच्यावर वाळू आणत. कंत्राटदार रोज "इन्शाल्ला, उद्या" म्हणे. शेवटी भावोजींनी बूट दाराबाहेर काढायला लावले. फरशी बसली तोवर मुलांना सवय झाली होती, आणि माहितीपत्रकात 'ज्ञानापुढे नम्रता' असं छापून आलं होतं.

यंदा व्यवस्थापन बदललं. भावोजींचा करार वाढवला नाही. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे परत नाशिक. ही बातमी त्यांनी मला चहा ढवळता ढवळता सांगून टाकली. नवे प्राचार्य मात्र कारण नसलेली प्रत्येक गोष्ट बंद करत सुटले होते. हाउस गेली, रांग मोडली. तेव्हापासून भावोजी रोज एकच विचारत, "वहिनी, बूट तरी राहतील ना?"

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात प्राचार्य वाचनालय बघायला आले आणि दाराशी थबकले. "व्हाय द शूज?"

मी भावोजींकडे पाहिलं. नम्रता, ज्ञान, सगळं तयार असणार. पण त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "देअर वॉज सँड, सर."

"अँड नाउ?"

"नाउ नो सँड."

शेजारी दहावीतली एक मुलगी वाकून नाडी सोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बट वी ऑलवेज डू, सर."

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि खाली वाकून स्वतःचे बूट काढले.

भावोजी आता नाशिकला असतात. परवा एका नव्या पालकांनी दाराबाहेरची बुटांची रांग पाहून विचारलं, ही पद्धत कधीपासूनची? अंगणातली फरशी लख्ख होती, वाळूचा कण नव्हता.

"फार जुनी आहे," मी सांगितलं, आणि माझ्या चपला त्या बुटांशेजारी नीट लावून आत गेले.