वरमाय आणि जवसाचा लेप

पन्नाशी ओलांडली आणि मला आरशाचं वेड लागलं. ऐन वयात लागलं असतं तर कुणी हसलं तरी नसतं. बाजारातली क्रीमं लावून तोंडाची आग व्हायला लागली, म्हणून मी घरीच लेप करू लागले. मूठभर जवस पाण्यात उकळायचा, चिकट रस सुटला की गरम असतानाच फडक्यातून पिळून घ्यायचा. गार झाला की मेला फडक्याला सोडत नाही. त्यात चमचाभर साय, मसुराचं पीठ आणि चिमूटभर आंबेहळद. तोंडाला थापून पंख्याखाली पडायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. आमचे हे म्हणायचे, "शिळ्या कढीला ऊत आलाय." म्हणू देत की! चार-दोन महिन्यांत कातडी मऊ पडली. शेजारणी विचारायला लागल्या, तशी मी आणखीनच फुशारले.

जवस यायचा धाकट्या जावेच्या शेतातून, साय तिच्या म्हशीच्या दुधाची. कन्नडजवळची आमची शेती धाकटे दीर आणि ती बघायचे. आम्ही दोघं नोकरीपायी शहरात, सिडकोत राहिलो. मला मूलबाळ नाही. तिचा मुलगा अकरावीला शिकायला म्हणून माझ्याकडं आला, तो इथलाच झाला. मला 'मोठी आई' म्हणायचा. शनिवारी एसटीनं गावी जायचा आणि येताना दुधाची किटली, पिशवीत जवस असं काहीबाही घेऊन यायचा. जाऊ माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण उन्हातान्हात राबून तिचं तोंड पार रापलेलं, गालावर भेगा. दोघी शेजारी बसलो की तीच थोरली वाटायची. हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

पोराचं लग्न ठरलं. मुलगी बघायला पुरुषमाणसंच गेली होती, त्यामुळं बायकांची पहिली भेट थेट साखरपुड्यात. आम्ही सतरंजीवर बसलो होतो. मुलीची आई तांदूळ, नारळ, खण असं ताट घेऊन आली आणि सरळ माझ्यापुढं बसली. म्हणाली, "वरमाय, पदर पसरा." मग जावेकडं बघून, "आजींची ओटी मागून भरते हं."

देवा रे! "अहो, वरमाय ही," एवढंच म्हणायचं होतं. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. पण जाऊच गुमान बाजूला सरकली, मला ऐसपैस जागा करून दिली, आणि मी पदर पसरला. तांदूळ पदरात पडले तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "अगं बाई, नवऱ्या मुलाची आई ती!" एकच हशा पिकला. मुलीची आई बिचारी शरमून गेली. जावेची ओटी भरली गेली, तीही हसत म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? थोबाडच तसं झालंय माझं." सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. मुसकं बांधायला पाहिजे होतं माझ्या तोंडाला.

त्यानंतर लेप लावताना हात अडखळायचा, पण लावायची मी. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा गुलमंडीच्या बाजारात बस्ता बांधून जाऊ माझ्याकडं मुक्कामाला आली. दुपारी मी जवस पिळत होते. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"ताई, ते मलाबी लावा की."

मला तर सुटल्यासारखं वाटलं. तिला दिवाणावर आडवं केलं, चांगली दोन चमचे साय घातली आणि तिच्या तोंडाला लेप लावायला बसले. बोटं भेगांना अडकत होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"लग्नात तरी पोराची आई दिसंन ना मी?"

"अगं, पी हळद अन् हो गोरी, असं असतं का?" बोलून गेले आणि जीभ चावली.

लेप वाळत आला. मग ती ताणलेल्या ओठांनीच हळू म्हणाली, "मग असं करा ताई. लग्नापातूर तुमी लावू नका. तेवढं बास व्हईल मला."

रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी घाला म्हणावं, तशी म्हणाली. मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत बसले.

मी लेप बंद केला. केसांना रंग लावला नाही. लग्नात साधं सुती लुगडं नेसून मागच्या बायकांत बसले. या वेळी कुणी चुकलं नाही. मुलीच्या आईनं जावेला पाटावर बसवून पाय धुतले, मानाची साडी दिली. जाऊ ताठ बसली होती, नवी नथ सारखी चाचपत होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. चला, फिटलं एकदाचं, असं वाटलं मला.

लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीच्या पारावर दर्शनाला निघायचा होता. "आईच्या पाया पड आधी," कुणीतरी म्हणालं. जाऊ पुढंच उभी होती, आशीर्वादाला हात उचललेला. मुंडावळ्या सावरत पोरगं आलं, तिच्या बाजूनं पुढं गेलं, बायकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या पायांवर वाकलं.

"अरे, तिकडं! आई तिकडं!" मी त्याला दंडाला धरून वळवलं. तोवर तिनं उचललेला हात खाली घेतला होता.